मेलेल्या जिवांचं तेल

फटफटी घरात येऊन तीन आठवडे झाले होते आणि अजून ती घरातच होती.

अकोल्याहून मालाच्या ट्रकमधून, साखरेच्या पोत्यांना टेकून ती आली. चौघांनी धरून उतरवली, कैलासचंदच्या आईनं, पानाबाईंनी, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि ओसरीत उभी केली ती केलीच. आणीबाणी उठली त्या सालची गोष्ट. शिरपुरात तेव्हा फटफट्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यामुळे पहिले आठ दिवस गावानं येऊन पाहून घेतलं. मग गावाचाही उत्साह सरला. कैलासचंदचा मात्र सरला नाही. रोज सकाळी दुकानात जायच्या आधी तो जुन्या धोतराच्या फडक्यानं गाडी पुसायचा. टाकीत त्याचं तोंड दिसायला लागलं होतं, आणि राजमतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, त्या तोंडाचा आता मनापासून कंटाळा आला होता.

तिचं घोडं अडलं होतं ते या गाडीपाशी. राजमती अकोल्याची, मॅट्रिक होऊन डी.एड. केलेली. लग्न होऊन माणिकचंद सेठच्या किराणा दुकानवाल्या घरात आली आणि दोन वर्षं तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसली. मग दिवाळीनंतर कागद आला. रिसोडच्या मुलींच्या शाळेत नेमणूक, महिनाअखेरपर्यंत हजर व्हा, नाहीतर यादीतल्या पुढच्या बाईला जागा जाईल. राजमतीनं तो कागद तीनदा वाचला आणि देवघरात ठेवला.

सासरे नाही म्हणाले नाहीत. तसे ते शब्दाचे पक्के. लग्नाच्या बैठकीत त्यांनी राजमतीच्या वडलांना चारचौघांत सांगितलं होतं, "पोरीले नोकरी लागली तं आमी आडवे येनार नाई." ते आडवे आलेही नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "यष्टीच्या गर्दीत आमच्या घरची सून उभी राहनार नाई. अन् सकाळची यष्टी रिसोडले पोचते शाळा भरल्यावर. फटफटी घेऊ. कैलास सोडत जाईल अन् आनत जाईल." आणि खरोखरच त्यांनी फटफटी घेतली. इथवर कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

पण नमनाला घडाभर तेल म्हणतात ते इथे अक्षरशः लागलं. या गाडीला पेट्रोलमध्ये तेल कालवून पाजावं लागतं, नाहीतर इंजिन आतून जळतं. अकोल्याच्या दुकानदारानं कैलासचंदला सगळं समजावून दिलं होतं. कुठल्याही पंपावरचं साधं इंजिनाचं तेल घ्या, मापानं डब्यात टाका, हलवा, ओता, निघा. झालं. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आणि या घरात विचार करण्यासारखं काही नसलं की हमखास विचार सुरू व्हायचा.

सुरुवात केली प्रेमचंदनं. हा पानाबाईंचा भाचा, मुंबईला तेलाच्या कंपनीत नोकरीला. शिरपूरच्या जैन मंदिरात दर्शनाला म्हणून आला, दिवस मावळायच्या आत जेवला, आणि दात कोरत ओसरीत येऊन गाडीभोवती फिरला. उंटावरचा शहाणा कसा असतो ते राजमतीनं त्या दिवशी जवळून पाहिलं.

"तेल कोणतं घालणार?" त्यानं विचारलं.

"साधंच," कैलासचंद म्हणाला. "पंपावरचं."

"साधं?" प्रेमचंद असा हसला की बिचाऱ्या कैलासचंदला आपण गाडीला गोमूत्र पाजणार होतो असं वाटलं असेल. "अरे, परदेशात आता सिंथेटिक निघालंय. कारखान्यात बनवलेलं. इंजिन लोण्यासारखं चालतं. साधं तेल म्हणजे जमिनीतलं. लाखो वर्षांपूर्वी समुद्रात जीवजंतू मेले, गाळात दबले, कुजले, त्यांचं ते तेल."

माहिती म्हणून तो सहज बोलून गेला. पण आत तांदूळ निवडत बसलेल्या पानाबाईंचा हात सुपातच थांबला. समोर बसलेल्या राजमतीनं तो थांबलेला हात पाहिला. ज्या बाई पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळतात आणि मग ते फडकंसुद्धा विहिरीच्याच पाण्यात हलक्या हातानं धुतात, कारण त्याला चिकटलेला जीव आपल्या पाण्यात परत गेला पाहिजे, त्यांच्या कानावर हे पडायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी माणिकचंदांनी जाहीर केलं, "तसलं तेल आपल्या घरात येनार नाई."

आता राजमती काही गप्प बसणारी नव्हती. पदर नीट करून ती दारात उभी राहिली. "मामाजी, पेट्रोलबी त्याच जमिनीतून येते. तेल तं वाटीभर, पेट्रोल डबाभर."

"पेट्रोल पंपवाला भरते," माणिकचंद म्हणाले. "तेल आपन आपल्या हातानं कालवनार."

"यष्टीतबी तेच तेल असते. आपन यष्टीनं जातोच ना अकोल्याले?"

"यष्टी सरकारची. पाप सरकारले."

"अन् दुकानात आपन घासलेट विकतो ते?"

"ते जाते गिऱ्हाइकाच्या घरी."

माणिकचंदांची ही खोड जुनी. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे आणि प्रत्येक उत्तरात पाप दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडे. राजमतीला पाठशाळेतलं आठवलं, तेही तिनं बोलून दाखवलं. "मामाजी, केलेलं, करवलेलं अन् करनाऱ्याले बरं म्हटलेलं, तिन्ही सारखंच असं शिकलो ना आपन?"

माणिकचंद म्हणाले, "सूनबाई, चहा टाका."

तिनं चहा टाकला. रागारागात साखर दुप्पट पडली, आणि माणिकचंदांनी तो चहा "आज झकास झाला" म्हणून प्याला. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

सासूबाईंशी तर भांडताच येत नव्हतं. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, अडवलं नाही, रुसल्या नाहीत. त्यांनी फक्त गाडी घरात आहे तोवर दिवसातून एकदाच जेवायचं ठरवलं. "आत्याबाई, गाडी काय खाते आपलं? उभीच तं हाय," राजमती त्यांना म्हणाली. पानाबाई म्हणाल्या, "आनली तं आपनच ना बाई." तेवढं बोलून त्या सूप घेऊन बसल्या. सासऱ्यांची उत्तरं ऐकून राजमतीचं डोकं फिरायचं, पण या बाईंपुढे तिला स्वतःचीच थोडी लाज वाटायची, आणि त्या लाजेचाही तिला राग यायचा.

राहिला नवरा. एक दिवस तो टाकी पुसत असताना ती त्याच्यापुढे जाऊन बसली.

"तुमी बोला ना मामाजीले. महिना संपत आला."

"बोलतो ना. पन प्रेमदादा म्हनते ते काई खोटं नाई. सिंथेटिकनं इंजिन दुप्पट टिकते."

"अवो, आधी चालू तं होऊ द्या इंजिन! टिकाचं मंग पाहू."

"नव्या गाडीले पहिलं जे तेल लागते ना, तेच तिले जलमभर मानवते. लहान लेकरावानी." कैलासचंद अगदी मायेनं बोलला. "एकदा साधं घातलं की झालं तिचं मातेरं."

हे त्याला कोणी सांगितलं होतं देव जाणे. पण आता घरात तीन पक्ष झाले होते. कैलासचंदला सिंथेटिक हवं होतं इंजिनासाठी, माणिकचंदांना हवं होतं धर्मासाठी, आणि दोघांपैकी एकानंही ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिसरा पक्ष शेजारचे दौलतराव पाटील. ते रोज चहाच्या वेळेला येत, गाडीच्या सीटवर हात ठेवत आणि म्हणत, "माया ट्रॅक्टरले तं काईबी चालते." एवढं सांगायला हा माणूस रोज येतो कसा, याचं राजमतीला नवल वाटायचं.

मग माणिकचंदांनी तोडगा काढला. व्यापारी माणूस, तोडगा आपल्याच दुकानातून निघाला.

"करडीचं तेल घे," ते कैलासचंदला म्हणाले. "घानीचं. आपल्या दुकानातलं. त्यात कोनी मेलेलं नाई."

"बाबा, ते भाजीचं तेल हाय."

"तेल ते तेल. वंगन म्हंजे शेवटी काय? घसरलं पायजे."

कैलासचंदानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि नेहमीप्रमाणे तो बापाकडे घसरला. पानाबाईंनी करडईचं तेल तीनदा फडक्यातून गाळून दिलं. पेट्रोलही गाळलं. संध्याकाळ झाली म्हणून त्या दिवशी टाकीत ओतलं नाही, कारण दिवस मावळल्यावर घरात कोणी काही खात-पीत नव्हतं आणि गाडी आता घरातलीच होती. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गाडीनं पहिला घोट घेतला.

त्या सकाळी राजमती शाळेत हजर व्हायला निघाली होती. मोतिया रंगाची साडी, कपाळावर मापाची टिकली, पर्समध्ये नेमणुकीचा कागद. ती पदर खोचून मागे बसली. कैलासचंदानं किक मारली, आणखी मारली, मारत राहिला, आणि गाडी एकदाची खोकून चालू झाली. नळकांड्यातून निळा-पांढरा धूर निघाला आणि त्याबरोबर वास. भज्यांचा वास. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जणू कोणी मोठी कढई चढवली होती. लोक दारात आले. दौलतराव ओरडले, "सेठजी, कायचा बेत हाय आज?" आणि माणिकचंदांचा त्या दिवशी चतुर्दशीचा उपास होता. ओसरीत उभ्या उभ्या त्यांनी भज्यांचा तो वास घेतला, तोंडावर उपरणं धरलं आणि आत गेले.

गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत गाडी गेली. तिथे एकदा आचका दिला आणि थांबली. कैलासचंदानं किका मारून मारून पाय दुखवून घेतला. शेवटी तो गाडी ढकलत परत निघाला आणि राजमती पर्स धरून मागे चालली. तुरीच्या शेतात बाया शेंगा तोडत होत्या. त्या हसल्या असतील किंवा नसतील, राजमतीनं वर पाहिलंच नाही. तिला रडू येत नव्हतं. तिला कोणाच्या तरी डोक्यात ती पर्स घालावीशी वाटत होती आणि कोणाच्या, ते ठरत नव्हतं.

रिसोडहून हेमला नावाच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं प्लग काढला, तो डांबरात बुडवल्यासारखा झाला होता. हेमलानं वास घेऊन पाहिला.

"सेठ, गाडीले भजे चारले काय?"

कोणी हसलं नाही. हेमलानं सगळं उघडलं, धुतलं, पुसलं आणि जाताना सांगितलं, साधं तेल घाला. माणिकचंद म्हणाले, "तुले काय समजते धरमातलं?" हेमला म्हणाला, "काई नाई समजत जी," आणि गेला.

यानंतर सगळ्या घराचे डोळे लागले ते प्रेमचंदच्या डब्याकडे. त्यानं तार करून कळवलं होतं की मालेगावच्या लग्नाला येतोय, येताना डबा आणतोय. राजमतीनंही आता मनोमन सिंथेटिकचा जप चालवला होता. कोणतंही असो, बिनजिवाचं असो, बशीभर असो, पण या गाडीच्या पोटात जाऊ दे आणि ती रिसोडला पोचू दे. महिना संपायला दोन दिवस राहिले होते.

प्रेमचंद आला. डबा चकचकीत होता, त्यावर इंग्रजी अक्षरं होती, आणि कैलासचंदानं तो दोन्ही हातांत असा घेतला, जणू देवाच्या अभिषेकाचं गंधोदकच मिळालं आहे. माणिकचंदांनी चष्मा लावून डबा गोल फिरवून पाहिला. दौलतराव होतेच. सगळं जुळून आलं होतं. तेवढ्यात पानाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"प्रेम, हे कायचं बनते रे?"

"रसायनाचं, आत्या. शुद्ध रसायन."

"रसायन कायचं?"

"वायूचं."

"अन् वायू कुठून येते?"

प्रेमचंदनं घसा साफ केला. "वायू... तेल शुद्ध करताना निघतो. म्हणजे कारखान्यात."

"कोनतं तेल?"

"जमिनीतलंच. पण आत्या, त्याच्यावर इतक्या प्रक्रिया होतात! कणन् कण वेगळा करून पुन्हा जोडतात. मूळचं काही राहतच नाही."

पानाबाई त्या डब्याकडे पाहत अगदी शांतपणे म्हणाल्या, "मासोळीचे कितीबी बारीक तुकडे केले बाप्पा, तं तिचं वांगं होते काय?"

प्रेमचंदला लग्नघरी उशीर होत असल्याची आठवण झाली. कैलासचंदानं डबा हळूच खाली ठेवला. आत मोरीपाशी उभ्या असलेल्या राजमतीला आधी हसू आलं, खो खो हसू आलं, पदर तोंडात कोंबावा लागला, आणि मग त्या हसण्याचं काय झालं ते तिचं तिलाच कळलं नाही. तिनं मोरीत बसून तोंड धुतलं. साधं तेल जिवांचं, बनवलेलं तेल जिवांचं, करडईचं तेल भज्यांचं. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि तिच्या हाती धुपाटणंसुद्धा राहिलं नव्हतं.

सासरे मुद्दाम टाळताहेत, असं तिला तोवर वाटत होतं. नोकरी नको म्हणता येत नाही म्हणून तेल पुढे केलं आहे. पण त्या दुपारी तिनं पाहिलं, माणिकचंद दुकान उघडं टाकून ओसरीत एकटेच डोकं धरून बसले होते. घरात नातवंड नाही, साठी उलटलेली, आणि मेल्यावर काय होईल याची त्या माणसाला खरोखरची भीती होती. हे ढोंग नव्हतं. आणि ते ढोंग नाही हे कळल्यावर तिचा राग आणखीच वाढला, कारण ढोंग्याला उघडं पाडता येतं, घाबरलेल्या म्हाताऱ्याचं काय करायचं?

महिना संपायच्या आदल्या दिवशी अकोल्याच्या एजंटाचा माणूस निरोप घेऊन आला. तात्पुरता नंबर किती दिवस चालवणार, गाडीचं पासिंग करायचं आहे, नाव कोणाचं घालू ते सांगा. ओसरीत माणिकचंद, कैलासचंद आणि अर्थात दौलतराव बसले होते. राजमती आतून चहा घेऊन आली होती.

"नाव कोनाचं म्हंजे?" माणिकचंद म्हणाले. "मायंच. माणिकचंद हिराचंद."

"घ्या," दौलतराव म्हणाले. त्यांना थट्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नसे. "नाव तुमचं, म्हंजे पापबी तुमचंच, सेठजी."

"तेच तं म्हनून राह्यलो ना मी!" माणिकचंद एकदम कळवळून म्हणाले. "तुमाले सगळ्याइले मजाक वाटते. चालवनार कैलास, बसनार सूनबाई, पन ज्याच्या नावावर गाडी त्याच्या माथी पाप. यष्टीचं सरकारले, घासलेटचं गिऱ्हाइकाले, तसं हिचं मले. लाखो जीव! म्हनून तं इतका इचार करून राह्यलो."

राजमतीनं चहाचा ट्रे खाली ठेवला. परक्या पुरुषासमोर ती आजवर ओसरीत बोलली नव्हती.

"मामाजी, मंग गाडी माया नावावर करा."

कोणाला आधी नीट कळलंच नाही. कैलासचंदाचं तोंड उघडं राहिलं.

"माया नावावर करा," ती पुन्हा म्हणाली. "नोकरी माही, जानं मायं, तं पापबी मले लागू द्या. साधं तेल घालू. सगळे जीव माया माथी. तुमी मोकळे, आत्याबाई मोकळ्या, हेबी मोकळे. मी भोगीन. मी खुशीनं भोगीन."

ती हे रागानं बोलायला गेली होती, पण बोलता बोलता तिला कळलं की आपण खरंच बोलतोय. रोज एक वर्ग भरून मुलींना बाराखडी शिकवायची असेल तर लाखो वर्षांपूर्वी मेलेल्या त्या जिवांचा जाब ती देईल. दुसऱ्या कोणाच्या अंगणात तिला तो लोटायचा नव्हता.

दौलतरावांची बशी ओठाशी थांबली. एजंटाचा माणूस म्हणाला, "बाईंचं नाव चालते ना जी. काहून नाई चालत?"

माणिकचंदांनी आधी दौलतरावांकडे पाहिलं, मग एजंटाच्या माणसाकडे, मग गाडीकडे. तीन आठवडे त्या माणसाच्या कपाळावर जी आठी होती ती गेली आणि तिच्या जागी दुसरीच आली.

"बाईच्या नावावर?" ते म्हणाले. "गाडी? आपल्या घरात? लोक काय म्हनतीन?"

"पन पाप तं तिच्या माथी जाईल ना," दौलतराव म्हणाले. आता ते थट्टा करत नव्हते.

"जाऊ द्या हो पाटील, पाप अन् पाप!" माणिकचंद उसळले. "इतका काय बाऊ करता? सगळं जग घालते साधं तेल. यष्टी घालते, तुमी घालता. जे होईल ते भोगू आपन. लिही रे, माणिकचंद हिराचंद. अन् कैलास, जाय, पंपावरून साधं तेल आन. आत्ताच्या आत्ता. उद्या सूनबाईले शाळेत पोचव."

एवढं बोलायला त्यांना एक कप चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही. तीन आठवड्यांचं भिजत घोंगडं त्यांनी एका दमात पिळून वाळत घातलं. राजमती उभीच राहिली. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि कोणी तरी मुस्काटात मारावी तसं तिचं तोंड गरम झालं होतं.

दारातून आवाज आला. "अवो."

पानाबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कोणी पाहिलं नव्हतं. नवऱ्याला त्या चारचौघांत कधी हाक मारत नसत.

"अन् ते जीव?"

"आता तू नको सुरू होऊ," माणिकचंद म्हणाले.

"तीन हप्ते झाले, मी एक टाइम जेवून राह्यली. मी समजली, तुमालेबी त्याइची कीव हाय."

"हाय ना. नाई कोन म्हनते?"

"नाई," पानाबाई म्हणाल्या. "असती तं त्याइच्यापेक्षा नाव मोठं वाटलं नसतं."

माणिकचंदांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे. पण हा प्रश्न नव्हता. एजंटाचा माणूस नाव घेऊन उठला, दौलतरावांना घरी काहीतरी काम आठवलं, आणि कैलासचंद रिकामा डबा घेऊन पंपाकडे निघाला. पानाबाई आत गेल्या. त्या संध्याकाळीही, दिवस मावळायच्या आत, त्या दुसऱ्यांदा जेवल्या नाहीत. उलट राजमतीनं ताट वाढून पुढे ठेवलं तेव्हा त्यांनी ते तिच्याकडेच सरकवलं. "तू जेव बाई. तुले उद्या जा लागते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुया नावावर असती ना, तं मीबी बसली असती त्या गाडीवर."

राजमतीनं ताट बाजूला सारलं.

सकाळी गाडी पहिल्याच किकेत चालू झाली. कसला धूर नाही, कसला वास नाही, आवाज कसा खणखणीत. ज्या तेलापायी तीन आठवडे घर वेठीला धरलं ते तेल गाडीनं मुकाट्यानं पिऊन टाकलं. माणिकचंद ओसरीत आले नाहीत, दुकान लवकर उघडायचं म्हणून निघून गेले होते. राजमती मोतिया साडी नेसून, पदर खोचून मागे बसली.

नाला गेला, तुरीची शेतं गेली, कापसाच्या गाड्या मागे पडल्या. रिसोडचा रस्ता खड्ड्यांचा, पण गाडी मजेत उडत चालली होती. कैलासचंद इतका खूश होता की त्याला गाणं सुचत होतं. मान मागे वळवून तो ओरडला, "पाह्य, झालं ना तुया मनासारखं?"

तिनं पर्समधला कागद चाचपून पाहिला. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा मान वळवली.

"अवं, कोनाच्याबी नावावर असो. गाडी तं आपलीच हाय ना?"

"नाई," राजमती त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "पाप आपलं हाय. गाडी मामाजीची हाय."

तो हसला. चांगली थट्टा केली असं त्याला वाटलं. ती हसत नाही हे कळायला त्याला आणखी एक खड्डा लागला.

"समोर पाहा," ती म्हणाली. "अन् थोडी जोरात चालवा. शाळा भरते माही."